एसजीपीटी २८४० वरून ६१० वर आला, पण डोळे जास्तच पिवळे झालेत. कावीळ उतरतेय की चढतेय?

मुग्धा_सातारा | ९ जुलै, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. मुलगा १९ वर्षांचा, पुण्यात होस्टेलवर असतो. जूनच्या शेवटी ताप, उलट्या, जेवणाचा वासही नको. आठवड्याभरात लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि डोळे पिवळे दिसायला लागले. घरी घेऊन आलो. हेपटायटिस ए निघाला. मेसमधल्या आणखी मुलांनाही झालाय म्हणे.

२ जुलैचे यकृताचे रिपोर्ट: एसजीपीटी २८४०, एसजीओटी १९६०, आणि काविळीचा पिवळेपणा आणणारं बिलिरुबिन ६.२.
आजचे: एसजीपीटी ६१०, एसजीओटी २४०, बिलिरुबिन ११.४.

लॅबमधला मुलगा म्हणाला, "काकू, मस्त उतरलंय." घरी आले तर शेजारच्या सिस्टर रिपोर्ट बघून गप्प झाल्या. म्हणाल्या, एक खाली आणि एक वर हे मला आवडत नाही, उद्याच डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, काविळीची माळ घालून आणा. आमचे डॉक्टर उद्या सकाळी भेटतील. तोवर डोळ्याला डोळा लागणार नाही. नेमका कुठला आकडा बघायचा असतो?

पिंगळा | रात्री १०.३१

आयएनआर केलाय का? तो आधी सांगा.

मुग्धा_सातारा | रात्री १०.३४

नाही केलेला. ते काय असतं?

खटाववाला | रात्री १०.५२

मुग्धाताई, आधी श्वास घ्या. मला कॉलेजात असताना हेच झालं होतं. एसजीपीटी ३००० च्या वर, मग भराभर उतरला, आणि बिलिरुबिन मात्र १८ पर्यंत चढलं. पण खरा त्रास खाजेचा. रात्रभर तळपाय कंगव्याने खाजवत बसायचो. दोन महिने गेले त्यात. आज ठणठणीत आहे. हेपटायटिस ए अंगात कायमचा राहत नाही, एवढं मनाशी धरून ठेवा.

उसाचा रस पाजत असाल तर गाड्यावरचा नको. बर्फ कुठल्या पाण्याचा असतो, देव जाणे.

जठराग्नी | रात्री ११.१५

मी पोटाचा आणि यकृताचा डॉक्टर आहे. इथे बसून उपचार सांगणार नाही, पण आज रात्री काय बघायचं ते सांगतो.

मुलाला उठवा आणि गप्पा मारा. आज वार कुठला, सकाळी काय खाल्लं, मित्रांची नावं काय, असलं साधंच विचारा. उत्तरं जागच्या जागी येतात का बघा. मग दोन्ही हात पुढे धरून पंजे वर करायला लावा, ट्रॅफिक हवालदार गाडी थांबवतो तसे. पंजे स्थिर राहिले तर ठीक. फडफडून खाली पडत असतील, मुलगा असंबद्ध बोलत असेल, दिवसा झोपून रात्री टक्क जागा राहत असेल किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर सकाळची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलात न्या.

यातलं काही नसेल तर सकाळी डॉक्टरांकडे जा आणि आयएनआर करून घ्या. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची ही तपासणी, आकडा जितका जास्त तितकं रक्त उशिरा गोठतं. रक्त गोठायला लागणारी बरीचशी प्रथिनं यकृतच बनवतं. त्यातलं फॅक्टर सात तर काही तासांतच संपतं आणि पुन्हा बनवावं लागतं. त्यामुळे यकृत आज काम करतंय का, हे आयएनआर सांगतो. एसजीपीटी ते सांगत नाही.

मुग्धा_सातारा | रात्री ११.४०

उठवलं. चिडला माझ्यावर. वार बरोबर सांगितला, सात मित्रांची नावं सांगितली, आठव्याला शिवी घातली. पंजे स्थिर आहेत. खूप खूप आभार डॉक्टर.

पिंगळा | रात्री ११.४२

शिवी नीट आठवून घातली असेल तर मेंदू शाबूत आहे ताई. झोपा आता.

नीलकमल | १० जुलै, सकाळी ७.०५

सासूबाई सांगतायत ते अगदीच टाकाऊ समजू नका. माझ्या वडिलांना माळ घातली होती. पहिल्या दिवशी कपाळावर बसेल एवढीच होती, मग रोज लांबत गेली, छातीवर आली, पोटापर्यंत आली, तसतशी कावीळ उतरली. डोळ्यांनी बघितलंय. उपचार करूच नका असं मी म्हणत नाही, माळ घालायला काय हरकत आहे?

रक्तबिंब | सकाळी ८.३०

३४ वर्षं लॅबमध्ये काढली, आता निवृत्त आहे. मला जे उमगलं ते सांगतो.

एसजीपीटी हा एक एन्झाइम, मराठी पुस्तकांत विकर म्हणतात तो. त्याची जागा यकृताच्या पेशीत. पेशी फाटली की तो रक्तात सांडतो आणि आम्ही तो सांडलेला मोजतो. बाजार समितीत धान्याचं पोतं फाटतं तसं समजा. खाली किती दाणे पडलेत ते बघून पोतं किती फाटलंय याचा अंदाज येतो. दाणे पडायचे थांबले तर दोन गोष्टी असू शकतात. पोतं शिवलं गेलं, नाहीतर रिकामं झालं. जमिनीकडे बघून ते कळत नाही, पोत्यातच हात घालावा लागतो. डॉक्टरांनी सांगितलेला आयएनआर म्हणजे तो हात.

आणखी एक. रक्तात सांडलेला एसजीपीटी साधारण ४७ तासांनी निम्मा होतो, त्याच्यासारखाच दुसरा एन्झाइम एसजीओटी साधारण १७ तासांत. म्हणून एसजीओटी आधी धाडकन पडतो. मुग्धाताईंच्या आकड्यांत तेच दिसतंय. सात दिवसांत एसजीओटी आठव्या हिश्श्यावर, एसजीपीटी पाचव्याहून थोडा वर. म्हणजे मोठी गळती थांबली आहे. का थांबली, ते आज कळेल.

आता लॅबच्या आतली गोष्ट. एसजीपीटी थेट मोजत नाहीत, त्याचा वेग मोजतात. नळीत एनएडीएच नावाचं द्रव्य घातलेलं असतं, ते संपत जातं, आणि यंत्र ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात ते किती वेगाने संपतंय ते बघतं. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्यात, एन्झाइम फारच जास्त असेल तर यंत्र मोजायला सुरुवात करायच्या आतच द्रव्य संपून जातं. मग रेघ सपाट येते आणि आकडा खोटा, कमी दिसतो. माझ्या पहिल्या नोकरीत जुनं यंत्र होतं, धोक्याची खूण वगैरे काही दाखवायचं नाही. एका बाईंचा एसजीपीटी आला ६२. मी सही करणार, तेवढ्यात नळी खिडकीपाशी धरली. सीरम करडईच्या तेलासारखं पिवळंजर्द. मन मानेना. एक भाग सीरम आणि नऊ भाग सलाइन करून पुन्हा लावलं, तर दहाने गुणून २१०० च्या वर. त्या दिवसापासून पिवळं सीरम दिसलं की आधी पातळ करून बघायचं, ही सवय शेवटच्या दिवसापर्यंत सोडली नाही. आताची यंत्रं स्वतः सांगतात, तरीही आकडा रोग्याच्या तोंडाशी जुळत नसेल तर लॅबला फोन करून विचारा. कुणी रागावत नाही.

स्पष्टवक्ता | सकाळी ९.१२

थोडं कडू बोलतो. साध्या काविळीत दर दोन दिवसांनी एसजीपीटी कशाला? आमच्या गावचे जुने डॉक्टर पापणी खाली ओढून बघायचे आणि विचारायचे, "लघवी कशी होते? भूक लागली का?" एवढ्यावर शेकडो माणसं बरी झाली. आता रिपोर्टचा गठ्ठा हातात आणि आई रात्रभर जागी. आकडे बघून माणसं जास्त आजारी पडतात.

जठराग्नी | दुपारी १.४०

स्पष्टवक्ता, तुमच्याशी अर्धा सहमत. हेपटायटिस ए मध्ये रोज एसजीपीटी करून काही हाती लागत नाही. आणि ते जुने डॉक्टर लघवीबद्दल विचारायचे ते फार बरोबर होतं. बिलिरुबिनचा एक भाग रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून बसतो. अल्ब्युमिन निम्मं व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे तो भाग सावकाश जातो आणि लघवीत उतरत नाही. म्हणून बरं होताना लघवी आधी स्वच्छ होते आणि डोळे मागून. डोळ्यांवर विसंबलं तर घाबरायला होतं, लघवी खरी बातमी आधी देते.

उरलेला अर्धा मात्र मान्य नाही. शेकडो बरे झाले हे खरं. जे झाले नाहीत ते सांगायला आपल्यात नाहीत. हेपटायटिस ए मध्ये यकृत निकामी होणं विरळा आहे, पण होतं, आणि सगळ्यात फसवा क्षण हाच, एन्झाइम उतरतायत आणि बिलिरुबिन चढतंय. बहुतेकांत तो बरं होण्याचाच टप्पा असतो, थोड्यांत यकृत संपत चाललेलं असतं. वेगळं ओळखायला आयएनआर आणि रोग्याची शुद्ध, दोन्ही लागतात. नुसत्या पापणीवरून ते ओळखता येत नाही.

मीना_मिरज | दुपारी २.२५

हे वाचून हात थरथरतोय, तरी लिहिते. धाकट्या जावेला सातव्या महिन्यात कावीळ झाली, हेपटायटिस ई. एसजीपीटी १८०० होता, चार दिवसांत ३०० वर आला. घरात पेढे वाटले आम्ही. त्याच संध्याकाळी ती मला "आई" म्हणाली. मला वाटलं, झोपेत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी हाक मारली तर ओ देईना. नेलं तेव्हा उशीर झाला होता. बाळही गेलं.

कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं की उतरलेल्या आकड्यावर विसंबायचं नसतं. मुग्धाताई, तुमच्या सिस्टरबाईंचे पाय धरा.

खटाववाला | दुपारी २.४०

मीनाताई, काय बोलू. तुम्ही हे लिहिलंत, याने कुणाचा तरी जीव वाचेल.

जठराग्नी | दुपारी ३.०५

मीनाताई, तुमचं दुःख मोठं आहे. त्या पेढ्यांचा सल मनात ठेवू नका, त्या आकड्याने शिकलेली माणसंसुद्धा फसतात.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो, हेपटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अतिशय धोक्याचा असतो. त्या काळात दर चार-पाच जणींमध्ये एक दगावू शकते. तोही दूषित पाण्यातूनच पसरतो. दिल्लीत १९५५-५६ मध्ये सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, नंतर कळलं की तो ई होता. आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत मोठी साथ आली होती. गरोदर बाईला कावीळ दिसली तर घरगुती काही करत न बसता त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

मुग्धा_सातारा | सायंकाळी ६.५०

आयएनआर १.६ आला. डॉक्टरांनी भरती करून घेतलंय. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं, उद्या पुन्हा तपासणार. मुलगा नीट बोलतोय, मोबाइल मागतोय. मी मीनाताईंचं वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

जठराग्नी | सायंकाळी ७.१५

अगदी योग्य केलंय. पित्त आतड्यात नीट उतरत नाही तेव्हा व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, आणि केवळ त्यामुळेही आयएनआर वाढतो. इंजेक्शननंतर तो खाली आला तर यकृत काम करतंय, त्याला कच्चा माल मिळत नव्हता एवढंच. खाली आला नाही तर जास्त सोयी असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचा विचार करतील. दीडच्या वरचा आयएनआर आणि त्यासोबत शुद्धीत फरक, असं दोन्ही दिसलं की यकृत निकामी होतंय असं धरतात. तुमच्या मुलात दुसरं नाही, हे मोठं आहे. रात्री तासा-दोन तासांनी त्याच्याशी दोन शब्द बोलत राहा.

इतिहासवेडा | रात्री ९.००

ताईंचा उद्याचा रिपोर्ट येईपर्यंत थोडं अवांतर. हे एन्झाइम आधी हृदयासाठी वापरात आले. १९५४ मध्ये अमेरिकेत कळलं की हार्ट अटॅकनंतर रक्तात एसजीओटी वाढतो. पुढच्याच वर्षी इटलीत नेपल्सला दे रितिस, कोल्तोर्ती आणि जुस्ती या तिघांनी दाखवलं की विषाणूच्या काविळीतही हे एन्झाइम वाढतात. एसजीओटी आणि एसजीपीटी यांचं गुणोत्तर आजही दे रितिसच्या नावाने ओळखतात. विषाणूच्या ताज्या काविळीत एसजीपीटी सहसा वरचढ असतो, दारूच्या काविळीत एसजीओटी दुप्पट किंवा जास्त.

हेपटायटिस सी चा विषाणू १९८९ मध्ये सापडला. त्याआधी तपासणीच नव्हती, म्हणून १९८६-८७ पासून अमेरिकेतल्या रक्तपेढ्या दात्याचा एसजीपीटी बघून रक्त बाजूला काढायच्या. शत्रू दिसत नाही, पण पावलांचे ठसे दिसतात, त्यावर काम चालवलं.

पिंगळा | रात्री ९.२०

एसजीओटी स्नायूंतही असतो. आमच्या जिममधल्या एकाने पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारल्या आणि दोन दिवसांनी विम्याची तपासणी केली. विमावाले यकृताचा आजार समजून बसले होते.

अनामिका_ठाणे | रात्री १०.४५

माझा प्रश्न उलटा आहे. बाळंतपणाच्या वेळी मला हेपटायटिस बी आहे असं कळलं. त्याला सहा वर्षं झाली. एसजीपीटी दर वेळी नॉर्मल, शेवटचा ३४. लॅबच्या कागदावर ४० पर्यंत नॉर्मल लिहिलंय. घरचे म्हणतात, नॉर्मल आहे ना, मग सोड. विषाणू कधी मोजलाच नाही. सासरी नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही, म्हणून इथे लिहितेय.

जठराग्नी | रात्री ११.२०

अनामिकाताई, बरं झालं विचारलंत. बी मध्ये विषाणू स्वतः पेशी फारशा फोडत नाही. आपली प्रतिकारशक्ती विषाणू बसलेल्या पेशींवर तुटून पडते आणि त्यात एन्झाइम सांडतो. प्रतिकारशक्ती शांत असेल तर रक्तात कोट्यवधी विषाणू असूनही एसजीपीटी नॉर्मल राहतो. म्हणजे रक्तबिंब यांच्या पोत्यात उंदीर आहेत, फक्त अजून पोतं कुरतडलेलं नाही.

दुसरं, ४० ही लॅबची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या बी च्या मार्गदर्शक सूचनांत पुरुषांसाठी ३० आणि बायकांसाठी १९ धरतात. त्या हिशेबाने तुमचा ३४ नॉर्मल नाही. बी चा डीएनए (रक्तात विषाणू किती ते यावरून कळतं), ई अँटिजेन (हा बी चाच एक भाग, हेपटायटिस ई नव्हे) आणि यकृताचा कडकपणा मोजणारं स्कॅन करा. हेपटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे, सरकारी केंद्रांवर बी आणि सी ची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. पुढे औषध सुरू झालं तर मनाने बंद करू नका, मध्येच सोडल्यावर आजाराने उसळी मारून यकृत निकामी झालेले रोगी मी पाहिलेत. बाळाला लस दिली होती ना? आणि आई, भावंडं, नवरा, सगळ्यांची एकदा तपासणी करा.

अनामिका_ठाणे | रात्री ११.३१

बाळाला जन्मल्यावर लगेच लस आणि ते दुसरं इंजेक्शनही दिलं होतं. बाकीचं आजवर कुणी सांगितलं नाही. करते.

मुग्धा_सातारा | ११ जुलै, रात्री ८.०५

आयएनआर १.२!! बिलिरुबिन ११.९. डॉक्टर हसले पहिल्यांदा.

मीना_मिरज | रात्री ८.०९

देव पावला.

रक्तबिंब | रात्री ८.२०

पोतं भरलेलं आहे ताई.

नीलकमल | १२ जुलै, सकाळी ७.३०

आनंद झाला. मी परवा माळेचं लिहिलं होतं, त्याबद्दल. रात्री आईला फोन करून विचारलं. ती माळ वनस्पतीच्या ओल्या काड्यांची, दोऱ्याच्या फासात अडकवलेली असते. खटाववाला यांनी मला निरोपात समजावलं की काडी वाळून बारीक झाली की फास सैल होतो आणि माळ लांबते. मी काल दोन ओल्या काड्या तशाच बांधून खिडकीत टांगल्या. आज सकाळी बोटभर लांबल्या आहेत, आणि खिडकीला तर कावीळ नाही. वडील बरे झाले ते त्यांच्या यकृताने. मीनाताई, तुमच्या घरी हे घडलं असताना मी असं लिहिलं, मनाला लागलंय.

मीना_मिरज | सकाळी ७.५०

नाही हो. आम्हीही घातली होती.

स्पष्टवक्ता | सकाळी ९.००

मुग्धाताई, अभिनंदन. मी आयएनआरबद्दल वाचलं. आमच्या डॉक्टरांकडे ती सोय असती तर त्यांनी नक्की केली असती, असं वाटतं.

खाण्याचं काय? हळद बंद केलीत का? आमच्याकडे पिवळं काही दिसू द्यायचे नाहीत.

जठराग्नी | सकाळी ९.४०

हळदीने कावीळ वाढत नाही. रुचेल ते घरचं खाऊ द्या, ताकभात, खिचडी, वरण, थोडं तूपही चालतं. दारू, मनाने घेतलेल्या तापाच्या गोळ्या आणि कुठलेही काढे मात्र बंद. गुळवेलसुद्धा. करोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रोगी नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तरी आजारी यकृतावर प्रयोग नकोतच. आणि घरातल्या ज्यांना हेपटायटिस ए ची लस मिळालेली नाही त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारा, संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत दिली तर उपयोग होतो.

मुग्धा_सातारा | २२ ऑगस्ट, सायंकाळी ५.१५

धागा वर काढतेय. जुलैअखेर एसजीपीटी ८८ होता, नंतर ४६. आज एकदम ३१०. थोडा थकवाही आहे. पुन्हा तेच का?

जठराग्नी | सायंकाळी ६.००

हेपटायटिस ए मध्ये साधारण दहांतल्या एकाला हा दुसरा झटका येतो, काही आठवड्यांनी. आयएनआर?

मुग्धा_सातारा | सायंकाळी ६.०२

१.० आहे. या वेळी मीच आधी मागून घेतला.

जठराग्नी | सायंकाळी ६.१०

मग विश्रांती द्या, तीन-चार आठवड्यांनी परत बघा. शौचाला जाऊन आल्यावर साबणाने हात धुण्याची शिस्त मात्र पुन्हा कडक करा. या झटक्यात विषाणू पुन्हा बाहेर पडू शकतो.

मुग्धा_सातारा | १९ सप्टेंबर, दुपारी १२.३०

एसजीपीटी २९, बिलिरुबिन ०.९. सोमवारी होस्टेलला जातोय. मुलांनी मिळून मेसची पाण्याची टाकी उघडायला लावली. शेजारूनच सांडपाण्याचा पाइप जात होता, जोड फुटलेला. आता बदललाय. सिस्टरबाईंना साडी नेऊन दिली.

अनामिका_ठाणे | २० सप्टेंबर, रात्री १०.५०

मुग्धाताई, खूप आनंद झाला. माझंही सांगते. डीएनए खूप जास्त निघाला, स्कॅनमध्ये कडकपणाची सुरुवात आहे. गोळी सुरू झाली, सरकारी केंद्रातून मिळते. आई आणि भाऊ दोघांची तपासणी केली. आई निगेटिव्ह, भाऊ पॉझिटिव्ह. त्याचा एसजीपीटी २४ आहे आणि तो म्हणतोय मला काही झालेलं नाही. त्याला हा धागा वाचायला दिलाय. त्याच्या डीएनएचा रिपोर्ट शुक्रवारी येईल.